भूल कोणी दिली?

मुकुटबनच्या रस्त्यावर रात्री दहानंतर जो कोणी कधी उभा राहिला असेल, त्याला या गावाचे आजचे रूप वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. एकीकडे कोळशाने आणि सिमेंटने लादलेल्या अवजड ट्रकांची रांग धुरळा उडवीत चाललेली असते, दुसरीकडे माजरी-मुदखेड मार्गावरील आगगाडीची शिटी पऱ्हाटीच्या शेतांवरून लांबवर ऐकू येते, आणि या दोहोंच्या पलीकडच्या काळोखात कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, दिवे मिणमिणत असतात. भूमीने या मुलुखाला हातचे राखून काही दिलेले नाही. खाली चुनखडी आहे, कोळसा आहे, वर काळी जमीन आहे, आणि दक्षिणेला पैनगंगेचे पाणी आहे. परंतु त्याच काळोखातल्या एखाद्या पोडावरची पोर बाळंतपणाला अडली, मूल आडवे आले, कळा येऊन येऊन थकल्या, म्हणजे या सगळ्या वैभवाचा हिशेब एका साध्या प्रश्नापाशी येऊन थबकतो: पोटावर शस्त्र चालवून मूल काढावयाचे, तर भूल द्यायला कोण आहे?

प्राथमिक आरोग्य केंद्राकडून या प्रश्नाचे उत्तर मागण्यात अर्थ नाही, कारण सरकारी मानकांप्रमाणे तेथे भूलतज्ज्ञाचे पदच नसते. सिझर व्हायचे ते 'प्रथम संदर्भ केंद्र' म्हणून मुक्रर केलेल्या मोठ्या रुग्णालयात. मग १०८ क्रमांकाची गाडी बोलावली जाते, ती वणीकडे तोंड करते किंवा पांढरकवड्याकडे, आणि तेथेही भूल देणारे कोणी हजर नसेल तर पुढे. जिल्ह्याचे ठाणे जे यवतमाळ, ते मुकुटबनपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. चंद्रपूर त्याहून जवळ. आणि परराज्यात गेलेले आदिलाबाद तर चंद्रपूरहूनही जवळ. ज्या गावाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा शेजारच्या राज्याचे रुग्णालय अधिक जवळचे आहे, त्या गावाने भूल देणाऱ्या डॉक्टरांविषयी विचार करावा, आणि त्यातही त्या डॉक्टर बहुधा स्त्रिया असतात म्हणून त्यांच्या नोकरीच्या, रजेच्या, रात्रीच्या आणि मानाच्या प्रश्नांविषयी विचार करावा, हे कोणाला दूरचे वाटेल. मला ते घरचे वाटते, आणि का वाटते ते या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या भाषेने या विद्येला जे नाव दिले त्यात नकळत एक मर्मभेदक विनोद उतरला आहे. भूल म्हणजे गुंगी, भूल म्हणजे मोहिनी, आणि भूल म्हणजे विसर आणि चूकही. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा त्याला शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव आठवते, तो त्याच्या पाया पडतो, त्याच्या घरी पेढे पोचवतो. मात्र टेबलाच्या उशाशी बसून जिने दोन-तीन तास त्याचा श्वास आपल्या मुठीत सांभाळला, तिचे नाव त्याला कधी ठाऊकच नव्हते, मग आठवणार काय? सरकारी परिभाषेने यासाठी 'बधिरीकरण' हा भारदस्त शब्द योजला आहे, आणि तो रुग्णापेक्षा खात्यालाच अधिक शोभतो की काय, अशी शंका दप्तरांच्या पायऱ्या झिजविलेल्या माणसाला आल्याशिवाय राहत नाही.

उशाशी बसणारीचे काम म्हणजे एक सुई टोचून मोकळे होणे, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. सिझरसाठी कमरेच्या मणक्यांमधील फटीतून ती बारीक सुई आत घालते आणि औषधाचे दोन-अडीच मिलिलिटर सोडते. काही मिनिटांतच बाईचे पाय जड होतात, आणि त्याचबरोबर तिचा रक्तदाब घसरू लागतो, कारण ज्या नाडीसूत्रांनी रक्तवाहिन्या ताणून धरलेल्या असतात तीही बधिर झालेली असतात. मग तिला किंचित डाव्या कुशीवर कलते करणे, सलाइनचा वेग वाढवणे, रक्तदाब सावरणारे औषध अचूक मात्रेने देणे, रक्तस्राव किती झाला याचा मनात हिशेब ठेवणे, सुईने भागले नाही तर तत्काळ घशात नळी घालून श्वास यंत्रावर घेणे, हे सर्व त्या चार-सहा मिनिटांत घडावे लागते. आणि ते नीट घडले तर कोणालाही काही घडले असे वाटत नाही. यशाची खूण म्हणजे काहीच न घडणे, असे फार थोडे व्यवसाय जगात आहेत.

शिवाय हे काम आता शस्त्रक्रियागृहाच्या भिंतींत मावत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता याच यवतमाळ जिल्ह्यातले वीसच्या वर शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या कृत्रिम श्वासाच्या यंत्रांशी भूलतज्ज्ञांचे ज्ञान कसे जोडलेले आहे ते या जिल्ह्याने पाहिले. आणि २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा रुग्णाच्या उघड्या तोंडाशी सर्वांत जवळ वाकून नळी घालणारे हात बहुतेक ठिकाणी याच शाखेचे होते.

आता थोडे मागे जाऊ, कारण पैनगंगेच्या या परिसराशी या विद्येचे एक जुने नाते आहे, आणि ते आपण विसरलो आहो. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आला, तरी नावाची मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याचा करार झाला, आणि १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीचेच नाव होते. म्हणजे मुकुटबनच्या माणसाला नदी ओलांडली की निजामाचा मुलूख लागे, आणि त्या मुलुखाच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८५ साली वैद्यकीय शाळेत पाच मुलींना प्रवेश मिळाला. त्यांतली एक पारशी मुलगी, रूपाबाई फर्दुनजी. शाळेचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा इंग्रज शल्यवैद्य क्लोरोफॉर्मचा कट्टर पुरस्कर्ता होता. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय बंद पडून की श्वास बंद पडून, हा त्या काळचा जगभर गाजलेला वाद. तो मिटविण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसविले, लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने आपला तज्ज्ञ हैदराबादला धाडावा म्हणून एक हजार पौंड देऊ केले, आणि कुत्र्यांवर व माकडांवर शेकडो प्रयोग झाले. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीवर नको, असा लॉरीच्या आयोगाने निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. १९११ मध्ये लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतही हृदयाची लय बिघडून माणूस अकस्मात मरू शकतो. परंतु या गदारोळात, जगातील बहुतेक देशांत स्त्रीला वैद्यक शिकू द्यावे की नाही यावरच खल चाललेला असताना, हैदराबादेत एक स्त्री क्लोरोफॉर्म देत होती. रूपाबाई १८८९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, १९०९ मध्ये एडिंबरोला जाऊन त्यांनी भौतिक आणि रसायन या शास्त्रांचा अभ्यास केला, कारण भूल देण्याच्या विद्येची स्वतंत्र पदवी तेव्हा नव्हतीच, आणि १९२० मध्ये चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव या शास्त्राचा इतिहास लिहिणारे घेतात. आमच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन आल्या आणि काम सुरू करण्यापूर्वीच १८८७ मध्ये गेल्या. त्यांची आठवण प्रत्येक शाळेत निघते, आणि ती निघालीच पाहिजे. पण ज्या बाईने तीन दशके प्रत्यक्ष काम केले, तिचे नाव नदीच्या या तीरावर कोणाला ठाऊक नाही. अकाली गेलेल्या बाईचा आपण गौरव करतो. कामात मुरलेल्या बाईचा गौरव करताना मात्र आपली जीभ जड होते.

दुसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची, पण तिचा पडसाद मुकुटबनच्या प्रसूतिकक्षात रोज उमटतो. मूल जन्मताच एका मिनिटाने आणि पुन्हा पाच मिनिटांनी सिस्टर त्याचा रंग, नाडी, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास पाहून दहांपैकी गुण देते. तो 'अ‍ॅपगार' अंक. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकन बाईंनी तो १९५२ मध्ये मांडला. त्यांना व्हायचे होते शल्यवैद्य. त्यांच्या वरिष्ठांनी, स्त्री शल्यवैद्याला पोट भरणे कठीण, असे सांगून त्यांना भूलशास्त्राकडे वळविले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९३८ पासून त्यांनी भूल विभाग अक्षरशः शून्यातून उभारला. आणि १९४९ मध्ये त्या विभागाला स्वतंत्र दर्जा मिळाला, तेव्हा प्रमुखाची खुर्ची बाहेरून आणलेल्या एका पुरुषाला देण्यात आली. बाईंना त्याच वर्षी प्राध्यापकपद मिळाले, त्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या स्त्री प्राध्यापक म्हणून. म्हणजे मान मिळाला आणि अधिकार मिळाला नाही. ज्या खुर्चीची बैठक त्यांनी विणली, तीवर दुसऱ्याने बसावे, यात त्या काळाला काही वावगे वाटले नाही.

मला वाटते, या विषयाचा सगळा गाभा या घटनेत सापडतो. आजच्या भारतात स्त्रीला भूलशास्त्रात प्रवेश नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट स्त्री-डॉक्टर ज्या शाखांत मोठ्या संख्येने आढळतात, त्यांत ही एक आहे. प्रश्न पुढचा आहे: रात्र कोणाच्या वाट्याला येते, मेहनताना कोण ठरवतो, रजेचा भुर्दंड कोण भरतो, आणि खुर्ची कोणाला मिळते?

माझ्या नात्यातली एक मुलगी एमबीबीएस झाली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी, त्यांत मीही होतो हे कबूल करतो, तिला हीच शाखा सुचविली. आमचा युक्तिवाद असा की यात बाह्यरुग्ण विभाग नाही, रुग्ण पाठीशी लागत नाहीत, शस्त्रक्रिया संपली की घरी, बाईमाणसाला सोयीचे. ती तीन वर्षे शिकली, एका तालुक्याच्या गावी काम करू लागली, आणि एका दिवाळीत माझ्याजवळ बसून म्हणाली, "काकाजी, तुम्ही सांगितलं होतं की घर सांभाळता येईल. अडलेली बाई कधी दुपारी चार वाजता येते का हो? रात्री दोनला माझा फोन वाजतो. सर्जन आपल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी स्कूटीनं जाते." पुढे तिने हसत सांगितले की नातेवाईक तिला 'सिस्टर' म्हणतात आणि तिच्या हाताखालच्या पोराला 'डॉक्टरसाहेब', सिस्टर म्हणवून घेण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता, पण धोक्याच्या क्षणी ती जे सांगते ते कोणी ऐकेपर्यंत जो वेळ जातो, तो वेळ रुग्णाचा असतो, हे तिचे म्हणणे मला आजही टोचते. आमच्या सल्ल्यात प्रेम होते यात शंका नाही. परंतु अ‍ॅपगारबाईंच्या वरिष्ठांच्या सल्ल्यातही ते असेलच. मुलीला शाखा निवडू देण्याऐवजी सोयीच्या शाखेकडे ढकलावयाचे आणि मग त्या शाखेत तिची संख्या मोठी आहे म्हणून समतेचे नगारे वाजवावयाचे, ही आपली जुनी रीत आहे.

मेहनतान्याची बाब थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. खाजगी व्यवहारात रुग्णाचे सारे पैसे दवाखान्याकडे जमा होतात, आणि भूलतज्ज्ञाला त्यातला वाटा शल्यवैद्य ठरवील तो मिळतो. सरकारच्या विमा योजनांचे पॅकेजही एकरकमी रुग्णालयाच्या खात्यात जाते. ज्याच्या हातून पैसे यावयाचे, त्याला 'ही शस्त्रक्रिया आज करू नका, रुग्णाचे रक्त कमी आहे' असे सांगण्याचा अधिकार शास्त्राने दिलेला असला तरी व्यवहाराने दिलेला नसतो. हे पुरुष भूलतज्ज्ञालाही लागू आहे, हे मान्य. पण घासाघीस करणाऱ्यापुढे 'घरच्या जबाबदारीमुळे मॅडमना लांबच्या केसेस जमत नाहीत' हे एक जादा हत्यार बाईच्या बाबतीत आयते तयार असते.

वेदनाशास्त्राची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. भूल देणाऱ्यांतूनच ही उपशाखा निघाली: ज्याला नसा बधिर करता येतात त्याने जुनाट दुखणेही शमवावे, या साध्या तर्कातून. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील कळा, मणक्याचे दुखणे, चेहऱ्याच्या नसेची वीज चमकल्यासारखी असह्य तिडीक, यांवर हे डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई नेमक्या जागी पोचवतात. हे शिकण्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर आणखी एखादे वर्ष मोठ्या शहरात काढावे लागते, आणि ते वर्ष बहुधा तिशीच्या आगेमागे येते. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा घर तिच्याकडून मूल मागत असते आणि क्ष-किरणांपासून गर्भ जपावा असे शास्त्र सांगत असते. शिशाचा जड अ‍ॅप्रन अंगावर चढवून उभी असलेली बाई गर्भवती राहिली तर तिच्या प्रशिक्षणाचे काय करायचे, याचे उत्तर संस्थेने आधी लिहून ठेवलेले नसले की ते उत्तर तिलाच द्यावे लागते, आणि ते बहुधा 'मी थांबते' असे असते.

त्यातून मुकुटबनच्या बाईचे नुकसान कसे होते, ते पाहा. कापूस वेचून वेचून जिची कंबर धरली आहे, तिच्या दुखण्याला घरात, गावात आणि पुष्कळदा दवाखान्यातही 'बायांचं असंच असतं' या तीन शब्दांनी निकालात काढले जाते. गर्भाशयाच्या कर्करोगाने कण्हणाऱ्या म्हातारीला मॉर्फिनची गोळी मिळत नाही, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की औषध ठेवण्यापेक्षा न ठेवणे सोयीचे झाले. २०१४ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त संस्थांना मार्ग मोकळा केला, तरी कागदावरचा मोकळा मार्ग मुकुटबनच्या झरी जामणी तालुक्यापर्यंत पोचायला माणूस लागतो, शिकलेला माणूस, आणि दुखणे सांगताना बाईला ज्याच्यापुढे संकोच वाटणार नाही असा माणूस.

रजेच्या प्रश्नावर जरा अधिक रेंगाळतो, कारण येथेच अन्याय सर्वांत साळसूद वेष घेऊन उभा राहतो. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली, हे उत्तम झाले. परंतु एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे एकच पद असेल आणि त्या पदावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर त्या सहा महिन्यांत शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागते किंवा बाहेरचा भूलतज्ज्ञ बोलावण्यासाठी धावाधाव सुरू होते. एका बाईच्या बाळंतपणाने साऱ्या तालुक्याच्या बायांची बाळंतपणे अडतात, आणि दोष त्या बाईच्या माथी येतो. पदे मंजूर करताना ज्याने एकाच्या पुढे दुसरा आकडा लिहिला नाही, त्याच्या माथी येत नाही. कंत्राटी नेमणुकीवर असणारीची अवस्था तर अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतींच्या शिडीवर चढणाऱ्याची. पोटातले मूल त्या मुदतींचे वेळापत्रक पाहून वाढत नाही. आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर रजेवर गेली की तिची मुदत तितकी पुढे सरकते, परीक्षा हुकते, वर्गातल्या मुलांच्या मागे ती जी पडते ती ज्येष्ठतेच्या यादीत निवृत्तीपर्यंत मागेच राहते. वीस वर्षांनी विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते तेव्हा निवड समिती म्हणते, आम्ही केवळ ज्येष्ठता पाहिली. खरेच तेवढीच पाहिलेली असते.

यात आणखी एक बाब आहे, ती बाहेरच्या लोकांना माहीत नसते. शस्त्रक्रियागृहाच्या हवेत भूल देणाऱ्या वायूंचा जो अंश उरतो तो दिवसभर भूलतज्ज्ञाच्या छातीत जात असतो. १९६७ मध्ये सोव्हिएत संघातील वैस्मन या संशोधकाने स्त्री भूलतज्ज्ञांच्या ३१ गर्भधारणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ गर्भपातात संपल्या होत्या. हा आकडा फार थोड्या स्त्रियांवरून काढलेला होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण त्या धक्क्याने जगभर उरलेले वायू नळीवाटे बाहेर सोडण्याची यंत्रणा आली. शल्यवैद्याचा दिवा नवा आणण्यास जो उत्साह दिसतो, तोच या नळीसाठी दाखविला जातो का, हे प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने आपल्या शस्त्रक्रियागृहात उभे राहून स्वतः पाहावे.

आणि रात्र. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर जो अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले, देशभर मोर्चे निघाले. मोठ्या शहराच्या मोठ्या रुग्णालयात, शेकडो माणसांच्या वर्दळीत, विश्रांतीची सुरक्षित खोली नसते, तर ज्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारातला दिवाच बंद असतो, तेथे रात्री दोनला एकटी पोचणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईच्या मनात काय येत असेल, याचा विचार तिला 'ग्रामीण भागात यायला नको म्हणतात' असे टोमणे मारणाऱ्यांनी एकदा करावा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आहे, आणि जिथे ती नाही तिथल्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. त्या समितीच्या सदस्यांची नावे किती आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर वाचता येतात, हे वाचकाने पुढच्या वेळी दवाखान्यात रांगेत उभे असताना पाहावे. रांग लांब असते, वेळ मिळेल.

आक्षेप मला ठाऊक आहे. काही सज्जन म्हणतात, बायका खेड्यात येत नाहीत, म्हणून या पदांवर पुरुषच नेमावेत, म्हणजे प्रश्नच मिटेल. त्यांना एवढेच विचारावे की ज्या पदांवर आजवर पुरुष नेमले गेले आणि तरी जी रिकामी राहिली, ती कोणाच्या बाळंतपणामुळे रिकामी राहिली? पुरुष डॉक्टरही खेड्यातून निघून जातो: मुलांच्या शाळेसाठी, बायकोच्या नोकरीसाठी, चोवीस तास आणि तीनशे पासष्ट दिवस एकट्याने हाकेला 'ओ' देऊन थकल्यामुळे. बाईला जे असह्य होते ते पुरुषालाही असह्य होते. तिला ते दोन वर्षे आधी होते इतकेच, कारण तिच्या पाठीवर घराचे ओझे आधीपासून असते. स्त्री टिकेल अशी जागा निर्माण केली तर पुरुषही तेथे टिकेल. उलटे होत नाही.

सरकारने काहीच केले नाही असेही मी म्हणणार नाही. भूलतज्ज्ञ पुरे पडत नाहीत हे ओळखून एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत अडलेल्या बाळंतिणीसाठी जीवरक्षक भूल देण्याचे शिक्षण देण्याची योजना केंद्राने आखली, ती कल्पना शहाणपणाची आहे. पती-पत्नीच्या एकत्रीकरणाचा विचार बदल्यांच्या धोरणात आहे. महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा राज्याने दिली आहे. पण अठरा आठवड्यांत शिकवलेली एकटी वैद्यकीय अधिकारी पुन्हा एकाच पदावर, एकाच फोनच्या टोकाला बांधून ठेवली, तर आपण फक्त थकणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढवले. माझी मागणी त्यामुळे मोजकी आहे. प्रत्येक प्रथम संदर्भ केंद्रात भूल देणाऱ्यांची दोन पदे, आणि ती दोन्ही पदे भरेपर्यंत एकीच्या रजेच्या काळात बदली देण्याची जबाबदारी जिल्ह्याची, त्या रजेवरच्या बाईची नव्हे. आवारात कडी लागणारे निवासस्थान. रात्री नेण्या-आणण्यासाठी चालकासह वाहन. विमा योजनांच्या पॅकेजमधून भूलतज्ज्ञाचा वाटा सरळ तिच्या खात्यात. आणि प्रसूतीच्या रजेने ज्येष्ठतेचा एक दिवसही कमी होणार नाही, असा स्पष्ट हुकूम. यांतल्या कोणत्याही गोष्टीला क्रांती लागत नाही. एका टिपणीवर चार सह्या लागतात.

मुकुटबनच्या ग्रामस्थांनी त्या चार सह्यांची वाट पाहत बसू नये, अशी माझी विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा भरते. तिच्यात रस्ता, गटार, पाणी यांचे ठराव होतात, ते होवोतच. त्यांच्या शेजारी एक ठराव या वर्षी आणखी मांडावा. आपल्या तालुक्यातील अडलेल्या बाळंतिणींना ज्या रुग्णालयात पाठविले जाते तेथे भूल देणाऱ्या डॉक्टरांची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, त्या डॉक्टर राहतात कोठे आणि रात्री येतात कशा, याची लेखी माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मागवावी. ठराव मांडणारी बाई असावी, शक्य तर एखाद्या पोडावरची. आणि ज्यांच्या घरी यंदा सिझर होऊन मूल आणि आई सुखरूप परत आली असतील, त्यांनी पेढ्यांचा दुसरा पुडा घेऊन एकदा रुग्णालयात जावे आणि विचारावे: त्या रात्री भूल कोणी दिली होती?